घरी बहीण असते

९ फेब्रुवारी

धाकटे,

नमस्कार-चमत्कार राहू देत. काम आहे म्हणून लिहितेय, हे तुला पाकिटावरचं अक्षर बघूनच कळलं असेल. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यातलं गाढव कोण ते तू ठरव, मला आत्ता वाद घालायला सवड नाही.

पुढच्या आठवड्यात तुला एका हॉस्पिटलमधून फोन येईल. एक बाई बोलेल. आवाज गोड आहे, फसू नकोस. ती विचारेल, तुम्ही थोरल्या बहिणीजवळ राहता का? तू म्हणायचं, हो. स्वयंपाक कोण करतं? मी. रात्री-अपरात्री काही झालं तर? मी आहे ना. बस, इतकंच. जास्त शहाणपणा करून काही जोडू नकोस.

आता कशासाठी ते ऐक. मला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन होऊन गाठ काढून झाली, त्यामुळे आता कपाळावर हात मारून उपयोग नाही. तुला कळवलं नाही, कारण आपण एकमेकींना काही कळवत नाही. तर तो परत उगवू नये म्हणून केमो द्यायची म्हणतात. डॉक्टर पोरगेलासा आहे. मला म्हणाला, ‘‘वय बघून मी औषध नाकारत नाही, आणि आधी बघितल्याशिवाय देतही नाही. तुमच्या अंगाला किती झेपेल ते तपासू.’’ आणि त्या गोड बाईकडे धाडलं. तिचं कामच ते, म्हाताऱ्या पेशंटांची परीक्षा घेणं. अलीकडे पडलात का? चौकापर्यंत न थांबता चालता का? गोळ्या आपल्या आपण घेता का? ऐकू नीट येतं का? खुर्चीतून उठा, दारापर्यंत जा, फिरून या. हे शब्द लक्षात ठेवा, मग म्हणून दाखवा. सगळ्याचे गुण धरतात आणि त्यावरून अंदाज बांधतात, की हे म्हातारं औषधानं आजारापेक्षा जास्त आडवं होईल का. तसं वाटलं तर औषध कमी करतात, नाहीतर देतच नाहीत.

मी परीक्षा चांगली दिली. गुडघ्याची गोळी आधीच घेऊन गेले होते, त्यामुळे दारापर्यंत अशी गेले की ती बाई बघतच राहिली. शब्द तर सगळे म्हणून दाखवले, वर तिच्या बाहीची शिवण उसवलीय तेही सांगितलं. मग तिनं विचारलं, ‘‘घरी कोण असतं?’’ आणि मी म्हटलं, ‘‘बहीण असते.’’ नंबरही दिला.

एकटी म्हटलं असतं तर संपलंच होतं. म्हातारी आहे, एकटी आहे, कशाला छळा, असं म्हणून मोकळे झाले असते. हे मी एकदा बघितलंय. आईच्या वेळी डॉक्टरांना ‘आता या वयात नको’ असं परस्पर सांगून तू आलीस. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि चार महिन्यांत आई गेली. अकरा वर्षं होतील. मी ते विसरले नाही आणि तुला माफही केलेलं नाही, काम सांगतेय म्हणून गैरसमज नको. पण आईचं औषध अडवलंस तसं माझं अडवू नकोस.

मला उलट फोन करू नकोस. फोनवर बोलणं मला आवडत नाही. चिठ्ठी टाक.

ताई


२० फेब्रुवारी

धाकटे,

तुझी चिठ्ठी आली. ‘सांगेन. पण खोटं तुझं, माझं नाही. आणि पडली होतीस का ते मला खरं सांग.’ एवढ्या अकरा वर्षांनी लिहिलंस आणि त्यातही उलटतपासणी!

पडले नव्हते. बाथरूममध्ये पाय सरकला आणि खाली बसले. त्याला पडणं म्हणत नाहीत. कंबर थोडे दिवस धरली होती, आता कुरकुरते फक्त.

तुझा फोन झाला. गोड बाई मला म्हणाली, ‘‘तुमची बहीण किती मायेनं बोलते हो! म्हणाल्या, ताई सकाळी चहा पोटात जाईपर्यंत कुणाशी बोलत नाही, तेव्हा गोळ्यांचं काही सांगायचं तर चहानंतर सांगा.’’ मी सांगितलं होतं ना काही जोडू नकोस म्हणून? घरी आले आणि आधी चहा टाकला. अजून तसंच आहे ते, चहाचं. तुझ्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं.

असो. आता एक गंमत सांगते, कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. वजन करायचं राहिलं होतं, ते परवा झालं. ऑपरेशनपासून माझं वजन उतरत चाललंय, कपडे सगळे झोळणा झालेत. गोड बाईनं बजावलं होतं की वजन घटलं असेल तर ते बघावं लागेल. तुला आठवतं, पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत आपण शिशाच्या गोळ्या घालायचो? शिवणाचं दुकान बंद केलं तेव्हा त्याचे दोन डबे माझ्याकडेच राहिले. माझ्या राखाडी झग्याचं अस्तर उसवलं, आतून पट्ट्या मारल्या आणि त्यात घातल्या सगळ्या. बाहेरून टाका दिसेल तर शपथ. काट्यावर उभी राहिले. गोड बाई म्हणाली, ‘‘वा आजी, वजन छान टिकवलंत!’’ आजी कुणाची? लग्न नाही, पोर नाही, आणि फुकटची आजी! पण मी गोड हसले.

आणि निकाल ऐक. पूर्ण डोस! डॉक्टर म्हणाला, या वयात असे पेशंट फार थोडे. चार दिवसांनी पहिली केमो. आईला एक थेंब मिळाला नाही, मी पूर्ण घेणार आहे. म्हाताऱ्यांना काय झेपतं ते कुणी तरी दाखवून द्यायला पाहिजे.

ताई


५ मार्च

धाकटे,

अक्षर बिघडलंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस. पेन पकडताना बोटं जरा ऐकत नाहीत.

औषध झालं. दिवसभर सुई लावून बसवतात आणि मग पंपाची बाटली कमरेला बांधून घरी सोडतात. तसा त्रास काही नाही. लोखंड हातात घेतलं की मुंग्या येतात, विजेचा झटका बसावा तशा, म्हणून कात्रीला चिंधी गुंडाळून ठेवलीय. नळाचं पाणी गार असलं तर घशाखाली उतरत नाही, म्हणून कोमट पिते. तोंड आलंय. पोट बिघडलंय, पण खाणंच नाही म्हटल्यावर बाहेर तरी काय पडणार? हे सगळं त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे नवल काही नाही.

एका बसच्या ड्रायव्हरचं स्वेटर रफूला घेतलंय. कोपराला भोक आहे, तासाभराचं काम. पण रफू करताना धागा कुठून गेला ते बोटाला कळावं लागतं, डोळा नंतर. काल सुई बोटात गेली ते मला लोकरीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. स्वेटर बाजूला ठेवलं. तो बिचारा दोनदा येऊन गेला म्हणे, बेल वाजवली म्हणे. बेल बिघडली असेल.

तू लिहिलंस की हॉस्पिटलचा परत फोन आला. ताप आहे का, खातात का, जुलाब किती होतात, असं त्यांनी तुला विचारलं आणि तू अंदाजानं ‘बरी आहे’ म्हणालीस. बरोबर केलंस. ‘मला परत असं बोलायला लावू नकोस, माझे हातपाय कापतात,’ म्हणतेस. तुझे हातपाय लहानपणापासून कापतात, त्यात नवीन काय? परत आला फोन तर हेच सांग. बरी आहे, खाते, ताप नाही.

‘मी येऊ का?’ म्हणतेस. येऊ नकोस. आलीस तर बसून बोलावं लागेल, आणि बोललो की आईवर येऊ. मला आत्ता ते झेपणार नाही.

अंग जरा कडकडीत लागतंय. थर्मामीटर दिलंय त्यांनी. ताप आला तर तासाभरात कळवा, वेळ घालवू नका, बहिणीला मोजायला सांगा, असं तीनदा घोकून घेतलं. मी मोजलेला नाही. मोजला की आकडा दिसणार, आकडा दिसला की कळवावं लागणार, आणि मग पुढचा डोस रद्द. पुढचा डोस पाच दिवसांवर आलाय. एवढं काढलं की झालं.

आज चहाही नको वाटला.

ताई


११ मार्च

धाकटे,

हॉस्पिटलमधून लिहितेय. हे पत्र पोचायच्या सुमारास गोड बाई तुला फोन करणार आहे. तिच्याशी या वेळी खरं बोल.

झालं ते सांगते. रविवारी सकाळी मी तो राखाडी झगा अंगावर चढवला. डोसच्या दिवशी वजन होणार, तर एवढं ओझं घेऊन चालायची सवय राहावी म्हणून. दारापर्यंत गेले आणि गुडघ्यांतून खालीच. या खेपेला पडले, बसले नाही. उठायला गेले तर झगा उठू देईना. किती वेळ तशी होते माहीत नाही. ड्रायव्हर स्वेटरसाठी तिसऱ्यांदा आला. मी आतून ओरडले ते त्याला ऐकू गेलं. त्याचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. बेल बिघडलेली नाही, धाकटे. मला दोन वर्षांपासून फार कमी ऐकू येतं. समोरच्याचे ओठ बघून मी भागवते. गोड बाईसमोर बसून तिची सगळी परीक्षा मी ओठ बघून दिली.

इथे आणलं तेव्हा खूप ताप होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच म्हणतात, म्हणजे साधा जंतू आला तरी त्याला अडवायला अंगात कुणी नाही. कपडे बदलताना झगा सिस्टरच्या हातातून सुटला आणि फरशीवर असा आदळला की सगळ्यांनी वळून बघितलं. गोड बाई आली. तिनं अस्तर चाचपलं, कडेला नख लावून उसवलं, आणि माझ्या पलंगावर बसली.

मला वाटलं आता तोंडसुख घेईल. पण माझं ओठ बघणं तिनं एव्हाना ओळखलं होतं. तिनं माझ्याकडे तोंड करून, सावकाश, मला ओठ दिसतील असं विचारलं, ‘‘आजी, हे का केलंत?’’

मी म्हटलं, ‘‘तुम्ही औषध दिलं नसतं.’’

‘‘कोण म्हणालं?’’

‘‘कोण म्हणायला कशाला पाहिजे?’’

मग मी सगळं सांगून टाकलं. त्यावर ती म्हणाली ते तुला जसंच्या तसं लिहिते. ‘‘औषध उंची-वजनावर मोजतात. तुमच्या झग्यालाही आम्ही औषध दिलं. पण ते थोडंच. खरं म्हणजे वजन घटलंय, पडला होतात, ऐकू येत नाही, घरी कुणी नाही, यातलं एक जरी कळलं असतं तरी मी डॉक्टरांना सांगितलं असतं, कमी डोसनं सुरू करा. रोज एक सिस्टर घरी पाठवली असती, ताप बघायला. नाही म्हणायला मी बसलेली नाही हो आजी. मी मापं घ्यायला बसलेय.’’

धाकटे, मापं! मला म्हणाली ती, मापं! टेप लावला की पोट आत ओढून उभी राहणारी गिऱ्हाइकं मी जन्मभर बघितली. मग कपडा काखेत फाटला की माझ्यावर ओरडत यायची, आणि मी त्यांना दुकानाबाहेर काढायची, म्हणायची, टेपला फसवलंत तर भोगा. तू हसायचीस मागे उभी राहून. त्यांचा फक्त कपडा फाटायचा.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी तिला विचारलं, ‘‘मग माझ्या आईलाही थोडं थोडं देता आलं असतं का?’’ ती म्हणाली, ‘‘त्यांना बघितल्याशिवाय कसं सांगू?’’ कुणी बघितलंच नव्हतं आईला. तेव्हा वय विचारायचे आणि मान हलवायचे.

तुझ्याबद्दल तिला सगळं सांगितलं. तू इथे राहत नाहीस, अकरा वर्षांत आलेली नाहीस, फोनवर जे बोललीस ते मी लिहून पाठवलेलं होतं, आणि ‘बरी आहे’ म्हणालीस तेव्हा तुझे हातपाय कापत होते. यात तुझा दोष नाही असं मी तिला दोनदा सांगितलं. तिनं मान हलवली. तूही हलव, आणि त्यावर रडत बसू नकोस.

येऊ नकोस म्हटलं होतं ते मागे घेते. ये. तुझ्या मुलाला सांग, गाडीत बसवून देईल. मला इथे भीती वाटते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण पीळही जळायला लागलाय बहुतेक.

ताई


१५ मार्च

धाकटे,

तू काचेच्या पलीकडे उभी आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. काय आपली तऱ्हा!

तुला सर्दी झालीय म्हणून आत सोडत नाहीत, ते बरोबर आहे. प्रवासात खिडकी उघडी ठेवून बसली असशील, लहानपणची खोड. तोंडाला मास्क आहे म्हणून मला तुझे ओठ दिसत नाहीत, आणि तू काचेतून ओरडतेस ते माझ्यापर्यंत पोचत नाही. उगाच घसा ताणू नकोस. गोड बाई चिठ्ठ्या पोचवते म्हणालीय. तुझे केस सगळे पांढरे झाले. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

सकाळी मी चिठ्ठीत विचारलं ते अकरा वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. आईला तू विचारलं होतंस का, की तिला औषध हवंय का? तू लिहिलंस, ‘नव्हतं विचारलं. धीर झाला नाही. ती हो म्हणाली असती तर मला करणं झेपलं नसतं, आणि तू तेव्हा दुकानात बुडालेली होतीस. तू बरोबर होतीस, ताई.’

ती चिठ्ठी मी उशीखाली ठेवलीय. तुझ्या तोंडून हे ऐकायचं म्हणून मी इतकी वर्षं तग धरून होते असं समज. ऐकलं. आणि काही झालं नाही. थोडा वेळ छातीत दुखलं, पण ते न्यूमोनियामुळेही असेल. बरोबर असून मला काय मिळालं? दुकान बंद झालं तेव्हा तू हवी होतीस. बाथरूममध्ये पडले तेव्हा हवी होतीस. आपण दोघी हट्टी, आणि त्यातली एकच रडते, एवढाच फरक.

आता कामाचं लिहिते, कारण लिहिताना दम लागतो.

जंतू फुप्फुसात उतरलाय. औषधं चालू आहेत, पण लागू पडत नाहीत. पेशी वर यायला तयार नाहीत. पोरगेला डॉक्टर काल पलंगाशी बसला, या काचेच्या खोलीत हलवल्यापासून कुणाला मास्क खाली करता येत नाही, म्हणून त्यानं पाटीवर लिहून विचारलं. श्वास अडला तर नळी घालून यंत्रावर ठेवायचं का? तुमच्या वयात, या परिस्थितीत, यंत्रावरून परत येण्याची आशा फार थोडी आहे. ठेवलं तर बोलता येणार नाही, झोपवूनच ठेवावं लागेल. नाही ठेवलं तर त्रास कमी करायची औषधं देऊ, आणि जवळच्या माणसाला आत सोडू, सर्दी असली तरी.

मी ताडकन म्हटलं, ‘‘लावा की यंत्र! मी काय घाबरते का?’’

तो लिहून घेणार होता. गोड बाईनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि पाटी आपल्याकडे घेऊन लिहिलं, ‘यांचं पहिलं उत्तर घेऊ नका.’ मला दिसेल असं धरून लिहिलं. मग मला विचारलं, तुमच्या वतीनं बोलायचं झालं तर कुणाला विचारू? मी तुझं नाव दिलं. नंबर तोच, पण या वेळी त्यात खोटं काही नाही.

त्यानंतर मी पडल्या पडल्या विचार केला. मला कुणीही काहीही विचारलं की मी म्हणते, बरी आहे, जमतं, गरज नाही. इतकी वर्षं एकटी राहून दुसरं काही म्हणायची सवयच राहिली नाही. मेल्यावर विचारलं तरी हेच म्हणेन. म्हणून आता, बोटांना धरवतंय तोवर, खरं ते लिहून ठेवते.

मला यंत्र नको. मला मरायची फार भीती वाटते. जगायचं होतं मला, धाकटे, त्याच्यासाठीच केलं ना सगळं. पण ते हातून गेलंय, माझ्याच हातून. आता तोंडात नळी आणि खोलीत कुणी नाही, असं नको. तू आत ये. सर्दी असू दे, शिंक हवी तेवढी. माझा हात धर. बोटांना कळणार नाही, म्हणून मनगटाच्या वर धर, तिथं अजून कळतं.

संध्याकाळी मी उलटं बोलेन. ताप चढला की मला जोर येतो, काल सिस्टरला सांगत होते, उद्या घरी जाते, स्वेटर द्यायचंय. तसं काही बोलले तर ऐकू नकोस. डॉक्टर तुला विचारायला येईल तेव्हा हे पत्र त्याच्या हातात दे. तो म्हणेल, नक्की ना? तेव्हा तुला रडू फुटेल. रड, पण मान हो म्हणून हलव. आईच्या वेळी तू एकटीनं ठरवलंस. आज आपण दोघींनी मिळून ठरवलंय.

ताई